खोलता येणारी गाडी

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे हळद-कुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू आणि शेजारी पेढे. गाडी स्वस्तातली चिनी असेल तर या सामानात एक दहा-बाराचा पानाही धरावा. पूजा आटोपली की त्याच संध्याकाळी अंगणात पाटावर बसायचं आणि एकेक नट हाताने हलवून बघायचा. मी बसले होते. दोन्ही आरसे बोटांनी फिरत होते. मागच्या दांडीचा बोल्ट दोनच आट्यांवर तग धरून होता. पुढचा ब्रेक ओढला की आधी बरीच तार नुसती सरकायची, मग कुठे ब्रेकला जाग यायची. गाडी वाईट होती असं मुळीच नाही. खोक्यांत भरून समुद्रावरून सुटी आली होती, इथे कुणीतरी घाईने जोडली होती आणि जोडणाऱ्याला शेवटचा पीळ देण्याचे पैसे कुणी दिले नव्हते. किमतीत जी सूट मिळाली तिच्यात हा पीळ धरलेलाच असतो. तो आपण द्यायचा.

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी स्कूटर. चिनी दुचाकी म्हणून नागपूरच्या गल्लीबोळांत जी दिसते ती हीच. पेट्रोलची चिनी मोटारसायकल आपल्याकडे फारशी आली नाही, तिला येण्याजोगी फटच नव्हती. २००० सालच्या आसपास चोंगचिंगच्या कारखान्यांनी व्हिएतनामची बाजारपेठ अशी काही भरून टाकली की होंडाला तिथे किमती खाली आणाव्या लागल्या, चीनमधले सुटे भाग वापरावे लागले आणि २००२ मध्ये वेव्ह अल्फा ही स्वस्त गाडी काढावी लागली. आपल्याकडे हीरो होंडा, बजाज, टीव्हीएस आधीच इतक्या स्वस्त गाड्या विकत होते की चिनी गाडीने आणखी किती खाली जायचं हा प्रश्न होता. पुढे आफ्रिकेत तर उलटंच झालं. तिथे चिनी गाड्यांच्या बाजारात घुसून बजाजची बॉक्सर जाऊन बसली.

महाराष्ट्रात एक महागडा प्रयोग मात्र झाला. बेनेली हे इटलीतलं जुनं नाव २००५ पासून चीनच्या च्येनच्यांग कंपनीच्या मालकीचं आहे. त्या गाड्या पुण्याच्या डीएसके समूहाने २०१५च्या सुमारास आपल्याकडे आणल्या, वाईजवळ जोडल्या आणि हौशी पोरांनी लाखांत मोजून घेतल्या. मग समूहच आर्थिक अडचणीत सापडला. २०१८ मध्ये बेनेली हैदराबादच्या दुसऱ्या समूहाकडे गेली. इंजिन तेच, सांगाडा तोच, इटालियन रंगही तेच. पण मधल्या काळात ज्याची गाडी उभी होती त्याला गाडीच्या पाठीशी कोण उभं आहे ते कळत नव्हतं. स्वस्त-महाग, चिनी-जपानी या वादात मला ही एवढीच गोष्ट खरी वाटते. गाडी बिघडल्यावर कुणाच्या दारात जायचं याचं उत्तर गाडीबरोबर आलं आहे का?

माझ्या गाडीबरोबर ते आलं नव्हतं. एक पुस्तिका आली होती, इंग्रजीत, पण तिच्यातली वाक्यं कर्त्याविना भटकत होती. चित्रातली गाडी माझ्या गाडीपेक्षा वेगळी होती, दिवा गोल होता, माझा चौकोनी. पुढच्या पत्र्यावर एक ऐटदार नाव, ते नाव इथल्याच कुणीतरी ठेवलेलं. हीच गाडी याच रंगात दुसऱ्या नावाने दुसऱ्या दुकानात उभी असते आणि तिसऱ्या नावाने तिसऱ्या. सीट उचलून आतला, मोटारीला वीज मोजून देणारा कंट्रोलर बघितला तर त्यावर चिनी अक्षरं, व्होल्टचा आकडा आणि ॲम्पिअरचा आकडा. मला वाचता आला तो एवढाच मजकूर, आणि पुढे कामाला आला तोही एवढाच. ज्या दुकानातून गाडी घेतली तिथे वर्षभराच्या आत मोबाईलची कव्हरं मिळायला लागली. वॉरंटी कार्ड अजून माझ्याकडे आहे.

अशी गाडी इतक्या सहज विकली जाते त्यामागे एक नियम आहे. मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशी गाडी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहनच नाही. नोंदणी नको, नंबर प्लेट नको, लायसन नको. एमएच-३१ की एमएच-४९ हा प्रश्नच मिटला. शिकवणीला जाणारी मुलं, भाजीला जाणारे निवृत्त काका, शाळेतल्या मदतनीस बाया, माझ्यासारख्या घर ते नोकरी एवढाच ज्यांचा भूगोल आहे त्या, सगळ्यांना ही गाडी सोयीची. मे महिन्यात दुपट्ट्यात डोकं-चेहरा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून, आवाज न करता चाललेली बाई नागपुरात दिसली की समजावं, खाली चिनी मोटार आहे.

चीनमध्येही ही जात अशाच नियमाच्या आडोशाने वाढली. २००४ मध्ये अमलात आलेल्या रस्ता सुरक्षा कायद्याने विजेच्या दुचाकीला सायकलीच्या पंगतीत बसवलं. दुसरीकडे मोठी शहरं पेट्रोलच्या मोटारसायकलींना बाहेर काढत होती. ग्वांगचौने २००७ पासून त्या पूर्ण बंद केल्या. आज चीनमध्ये विजेच्या दुचाकी तीस कोटींहून जास्त आहेत. वूशी, त्येनचिन या भागांत एक कारखाना नुसते हँडल करतो, दुसरा नुसते कंट्रोलर, तिसरा चाकातली मोटार, आणि सगळ्यांचे प्लग, भोकं, तारांचे रंग साधारण एकमेकांना जुळतील असेच ठेवलेले. कुणीही कुणाचंही सामान उचलावं आणि गाडी बांधावी. म्हणून ती स्वस्त. आणि म्हणूनच ती नागपुरात दुरुस्त होऊ शकते, हे मला नंतर उमगलं.

*

बर्डीच्या बाजारातून मी एक मल्टिमीटर आणला. घरात हसू झालं. सासूबाई म्हणाल्या, "गाडी घेतली का डॉक्टरकी?" पण या गाडीला आवाज नाही, धूर नाही, इंजिनाची धडधड नाही; कान, नाक, हात ही आपली जुनी साधनं तिच्यापुढे निम्मी निकामी. तिच्याशी बोलायचं तर व्होल्टमध्येच बोलावं लागतं.

हँडलवर बॅटरीचा काटा असतो, हल्ली चौकोनी रेघांचा. तो सकाळी भरलेला असतो. वर्धा रोडच्या दुमजली उड्डाणपुलाच्या चढावर लागलं की अर्ध्यावर येतो, वर सपाटीला आलं की पाऊण दाखवतो आणि ऑफिसात गाडी तासभर उभी राहिली की परत जवळजवळ भरतो. नवख्या माणसाला वाटतं, गाडी उभ्याउभ्या चार्ज होते. काटा नुसता त्या क्षणाचं व्होल्टेज सांगत असतो. चढावर मोटार जोराने करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं. ओढणं थांबलं की ते वर येतं. आत किती शिल्लक आहे हे त्याला ठाऊकच नाही.

नागपूरकरांना तरी हे समजावून सांगायला नको. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर बातम्या झाल्या, परगावचे नातेवाईक फोन करून "जिवंत आहात ना?" विचारायला लागले. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडला होता असं सांगितलं. २३ मे २०१३ चे ४७.९ अंश मात्र खरे, आणि आपल्याला तेवढेच पुरतात. आकडा अंगावर आला की आधी आकडा दाखवणाऱ्याकडे बघावं, ही सवय गाडीने मला लावली.

उन्हाळा हाच या गाडीचा खरा शत्रू. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या असतात, माझ्या गाडीत १२ व्होल्टच्या पाच, एकेक नऊ-दहा किलोची, पायाखालच्या पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशोबाने धरलेलं असतं आणि त्यावर दर दहा अंशांना ते निम्मं होत जातं, असा साधारण ठोकताळा आहे. चिनी पुस्तिकेत दिलेलं आयुष्य खोटं नसेल. ते वूशीच्या हवेचं असेल. त्यात भर म्हणजे स्वस्त चार्जरला हवा किती तापली आहे याचा पत्ता नसतो. थंडीत जेवढं व्होल्टेज तेवढंच मेच्या दुपारी. जास्तीचा चार्ज आतल्या पाण्याचा वायू करून सोडतो, बॅटरी कोरडी पडत जाते, पोट फुगतं. म्हणून मी उन्हातून आल्या आल्या चार्जर लावत नाही. रात्री जेवणं झाली, फरशी निवली, की मग. आणि गाडी संपवून तशीच चार दिवस उभी ठेवायची नाही. रिकामी बॅटरी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण खडे बसतात आणि मग ती चार्ज घेतल्यासारखं दाखवते, घेत मात्र नाही. दिवाळीला गावी जाताना तुळशीला पाणी घालायला शेजारी सांगतो ना, तसं गाडीला चार्जर लावायलाही मी सांगून जाते.

इतकं करूनही एका उन्हाळ्याच्या शेवटी गाडी उड्डाणपुलाच्या चढावर गपकन बसायला लागली. सपाटीला ठीक, चढावर मान टाकते. एका शोरूममध्ये नेली तर काउंटरवरच्या मुलाने गाडी न बघताच निकाल दिला, पाचही बॅटऱ्या बदला. म्हणजे गाडीच्या किमतीचा जवळपास चौथा हिस्सा. मी तिथून निघाले आणि सक्करदऱ्याकडच्या रस्त्यावर ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका पोराच्या टपरीपुढे गाडी लावली.

या टपऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ई-रिक्षा नागपुरात गेल्या दशकात आल्या आणि त्यांच्या पोटातही हेच सामान, हाच कंट्रोलर, ह्याच बॅटऱ्या, फक्त अंगाने मोठ्या. रिक्षावाल्याची गाडी एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची चूल बंद, त्यामुळे त्याला "पार्ट मागवलाय, पंधरा दिवसांनी या" हे उत्तर चालत नाही. त्याच्या घाईपोटी शहरात एक नवाच कारागीर तयार झाला. आयटीआयच्या पुस्तकात नसलेलं, पुस्तिकेतही नसलेलं ज्ञान या पोरांनी बिघडलेल्या गाड्यांमधून काढलं. एक कंट्रोलर जळाला की दुसरा लावून बघ, तिसरा लावून बघ, काय झालं ते शेजारच्या टपरीला सांग.

पोराने पाचही बॅटऱ्यांच्या तारा सोडल्या. माझा मल्टिमीटर मी पुढे केला. पाचही १२.८ ते १३ च्या आत. मी म्हटलं, "सगळ्याच चांगल्या दिसतात की."

"ताई, आराम करताना समदेच चांगले दिसते," तो म्हणाला. "काम द्या, मंग पाहा."

त्याने एक चिमटे लावलेलं यंत्र काढलं. आत तारेचं वेटोळं, वर काटा. चिमटे बॅटरीला लावून बटण दाबलं की वेटोळं लाल होतं आणि बॅटरीला क्षणभर खरोखरीचं ओझं उचलावं लागतं. पहिलीचा काटा अकराच्या वर थांबला. दुसरी, तिसरी तशीच. चौथीला चिमटे लावले, वेटोळ्याला लाली यायच्या आतच काटा घसरत नऊच्या खाली गेला. बटण सोडलं तर परत १२.८, साळसूद. पाचवी चांगली.

"चार भाऊ ठीक हायेत. हा एकच मेला हाय."

पाच बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या असल्या की सगळ्यांतून तोच करंट जातो. एक कमजोर असली की चढावर तीच आधी कोसळते, एकूण व्होल्टेज घसरतं आणि कंट्रोलर सगळ्यांना वाचवायला मोटार बंद करतो. मी विचारलं, मग एक नवी टाकायची? तो नाही म्हणाला. नवी बॅटरी चार जुन्यांमध्ये बसवली की चार्ज होताना जुन्या आधी भरतात आणि तापतात, नवी अर्धपोटी राहते, मग तीही लवकर जाते. त्याच्याकडे कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्यांची उतरंड होती, प्रत्येकीवर खडूने महिना लिहिलेला. माझ्या बॅटरीवर कोरलेली तारीख वाचून त्याने तिच्याच वयाची एक शोधून काढली, चिमटे लावून तिचाही काटा बघितला आणि बसवून दिली. वर उरलेल्या चौघींची झाकणं खरवडून काढली आणि इंजेक्शनच्या पिचकारीने एकेका कप्प्यात थोडं थोडं डिस्टिल्ड वॉटर सोडलं. या बॅटऱ्या कंपनीच्या भाषेत सीलबंद, देखभालमुक्त. "कंपनी म्हणते पाणी टाकू नका. नागपूरचं ऊन कंपनीनं पाहिलं हाय का?"

ही वयाची जोडी लावण्याची युक्ती कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. शोरूमचा निकाल तांत्रिकदृष्ट्या अगदीच चूक नव्हता. पाचही एकदम बदलल्या तर गाडी उत्तमच चालते. पण ज्याच्या खिशाला ते परवडतं तो बहुधा ही गाडी घेत नाही, हे शोरूमला कळत नाही आणि टपरीला कळतं.

*

बाकीचे बिघाड किरकोळ आणि बरेचसे गमतीचे. त्यातला एक सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा. गाडी सुरू केली, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, काटा भरलेला, आणि मूठ पिळली तर गाडी ढिम्म. अशा वेळी लोक मोटार गेली म्हणून हाय खातात आणि काही दुकानदार ती भीती बिलात उतरवून घेतात. आधी एमसीबीचा खटका बघावा, साइड स्टँड पुरता वर गेलाय का बघावं, आणि मग गाडीच्या मागे जाऊन उभं राहावं. ब्रेक न दाबताच मागचा लाल दिवा जळत असेल तर रोग सापडला. या गाडीत ब्रेकच्या दांडीला एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो कंट्रोलरला मोटार बंद करायला सांगतो. त्यात आपल्या सिमेंट रस्त्यांची धूळ बसली किंवा गाडी एकदा आडवी पडून दांडी वाकली की स्विच दाबलेलाच राहतो. गाडीची समजूत होते, मालकीण ब्रेक धरून बसली आहे. दांडीखालचा छोटा प्लग काढून बघायचा. चाक फिरलं तर दहा-वीस रुपयांचा स्विच. आणि नवा येईपर्यंत चार दिवस ब्रेक दाबताना मूठ सोडायची हे लक्षात ठेवायचं.

गाडी निघताना थरथरते, धक्के देते, हाताने थोडी ढकलली की चालते, तर चाकातल्या मोटारीचे सेन्सर. सीटखालून जळक्या प्लास्टिकचा वास येतो, तर निळ्या-हिरव्या-पिवळ्या जाड तारांचा जोड ढिला आहे, तो आजच कसा, उद्या तो वितळून एकजीव झालेला असेल. पावसाळ्यानंतर जोडांवर हिरवी बुरशी चढते ती बुरशी नव्हे, तांब्याचा गंज. ब्रशने काढून वर व्हॅसलिन लावलं तरी पुष्कळ. एवढ्यात आठवड्याचे रोग संपतात.

कंट्रोलर बदलण्याचं काम मात्र बघण्यासारखं. जुना जळाला, बाजारातून त्याच व्होल्टचा दुसऱ्याच कुणाचा तरी कंट्रोलर आणला. पोराने रंगाला रंग जोडले, मूठ पिळली, आणि स्टँडवर लावलेल्या गाडीचं मागचं चाक उलटं फिरायला लागलं. मला वाटलं, झालं. त्याने कंट्रोलरमधून लोंबणारी पांढऱ्या तारांची एक जोडी एकमेकींत खोचली. चाक आपणहून हळूहळू फिरलं, थबकलं, परत फिरलं. आपली मोटार कोणत्या क्रमाने चालते ते कंट्रोलर चाचपत होता. मग त्याने तारा सुट्या केल्या, मूठ पिळली आणि चाक सुलटं पळायला लागलं. अनोळखी कारखान्याच्या कंट्रोलरला अनोळखी कारखान्याच्या मोटारीशी जुळवून घ्यायला मिनिटही लागलं नाही. ज्या इंजिनिअरने ही सोय केली त्याला माहीत असणार की या दोघांची लग्नं कुठल्यातरी परक्या गावच्या टपरीत लागणार आहेत.

त्याच जुडग्यात आणखी एक तार असते, वेगाला वेसण घालणारी. "ही मोकळी केली का चाळीस जाते गाडी," पोरगा म्हणाला. मी नको म्हटलं. त्याला आश्चर्य वाटलं. बहुतेक गिऱ्हाइकं हीच तार आधी मागतात. पण २५ला बेतलेले ब्रेक ४०ला तेवढेच राहतात. शिवाय पंचविशी ओलांडली की कायद्याने ती मोटार वाहन होते, नंबर नसलेलं, विमा नसलेलं. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा बदललेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश दिले होते ते याचसाठी. अपघात झाला तर भरपाई कोण देणार? तारेचा तो तुकडा मी टेप गुंडाळून तसाच ठेवलाय.

*

चायना माल म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी एका गोष्टीची आठवण करून देते. ज्या गाड्यांवर आपली घरं चढली-उतरली त्यांतली आपली कोणती होती? चेतकच्या मागे व्हेस्पा, इटलीची. बजाजचा पियाज्जिओशी करार १९७१ मध्ये संपला आणि मग चेतक हे नाव आलं. राजदूत पोलंडची. म्हैसूरची जावा-येझदी झेकोस्लोव्हाकियाची. बुलेट इंग्लंडची, सीडी १०० जपानची. अहमदनगरला फिरोदियांनी १९७२ मध्ये काढलेली लुनासुद्धा पियाज्जिओच्या चाओवरून बेतलेली. (तीच लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर परत आली, दिल्लीत तिचं अनावरण नागपूरच्याच खासदारांनी केलं.) परकेपणा या गाड्यांना आड आला नाही, कारण त्या कराराने आल्या, कारखाना घेऊन आल्या, तालुक्याच्या गावी प्लग-पॉइंट मिळेल अशी दुकानांची साखळी बांधून आल्या. माझ्या वडिलांच्या लुनाचा प्लग आई चुलीजवळ पॉलिश पेपरने घासून द्यायची. गाडी परदेशी आहे हे आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं.

ही चिनी गाडी कंटेनरमधून एकटी आली. तिची माणसं आपल्या गल्लीतल्या पोरांनी नंतर जमवली. म्हणून माझा राग चीनवर नाही. वूशीच्या कारखान्याने मागितलेल्या किमतीत बसेल ते दिलं. राग आहे तो मधल्या आयातदारावर. तारांच्या रंगांचा तक्ता मराठीत एका कागदावर छापून द्यायला त्याला कितीसे पैसे लागले असते? सुटे भाग ठेवायला जागा लागते हे खरं, पण नाव बदलून तीच गाडी परत विकायला जी अक्कल लागते तिच्या निम्म्यात हे झालं असतं.

आणि कौतुक आहे ते या गाडीच्या उघडेपणाचं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका तरुणाची नव्या नामांकित कंपनीची बॅटरी स्कूटर आहे, देखणी, मोबाईलशी बोलणारी. ती एकदा बंद पडली तेव्हा त्याला ॲपमध्ये तक्रार नोंदवून वाट बघत बसावं लागलं, कारण तिच्या पोटात लॅपटॉप लावल्याशिवाय कुणाला काही दिसतच नाही. टपरीवाल्या पोराला ती दाखवली तर तो हात मागे घेऊन म्हणाला, "हे आपलं काम नाही ताई." ती गाडी माझ्या गाडीपेक्षा सगळ्या बाबतींत उजवी आहे. फक्त ती तिच्या मालकाची नाही.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली. खाली लावलेल्या गाड्या बुडाल्या त्यात महाग-स्वस्त असा भेद नव्हता. चिनी स्कूटरची दुरुस्ती कळायला निदान सोपी: बॅटऱ्यांच्या तारा सोडा, चाकातली मोटार उघडून गाळ काढा, उन्हात वाळवा, बेअरिंग बदला, कंट्रोलर वाचला तर वाचला. पाणी गेलेल्या गाडीला घाईने चार्जर लावणं तेवढं टाळायचं. आणि पुरातली बॅटरी कितीही चांगली दिसली तरी वापरायची नाही, लिथियमची असेल तर घराबाहेर ठेवायची.

लिथियमचं निघालंच आहे तर एक सांगते. शिशाच्या बॅटऱ्या काढून त्यात लिथियम बसवून देतो, वजन निम्मं, पल्ला दुप्पट, असं सांगणारे आता पुष्कळ झालेत. चांगला पॅक, त्याचा बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट) आणि त्याचाच चार्जर असेल तर खुशाल बसवा. जुन्या लॅपटॉपचे सेल टेपने बांधून केलेला पॅक आणि शिशाचाच जुना चार्जर ही जोडी मात्र घरात रात्री चार्जिंगला लावायची नाही. २०२२च्या उन्हाळ्यात देशभर बॅटरी गाड्या पेटल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. ते नियम टपरीत बांधलेल्या पॅकला विचारत नाहीत. माझं ज्या पोराशी जमलं त्यानेच मला नको म्हटलं, म्हणून माझं त्याच्याशी जमलं.

तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर उन्हाळा सरू द्या, पाऊसही जाऊ द्या, थंडीत घ्या. बॅटरीला पहिले महिने तरी सुखाचे जातील. भाव करण्याआधी सीट उचलायला लावा आणि पाचही बॅटऱ्यांवर कोरलेला महिना-वर्ष स्वतः वाचा. सगळ्या एका महिन्याच्या हव्यात, आणि सहा महिन्यांहून जुन्या असल्या तर दुकानदार कितीही चहा पाजो, निघून या. घराजवळ ई-रिक्षा दुरुस्त करणारी टपरी कुठे आहे ते आधी बघून ठेवा. आणि पेढ्यांच्या पैशांतून थोडे वाचवून मल्टिमीटर घ्या, साधा चालतो.